दुसऱ्या संसर्गाचा हिशेब

पावसाळा आला की राज्यात फ्लूचे रुग्ण वाढतात. बहुतेक जण चार-सहा दिवसांत बरे होऊन कामाला लागतात. काही थोड्यांना मात्र धाप लागते, ऑक्सिजन उतरतो आणि त्यांना अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या घरच्यांना ‘स्वाइन फ्लू’ किंवा ‘कोविड’ हा शब्द तोवर पाठ झालेला असतो. सहाव्या-सातव्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, ‘इन्फेक्शन वाढलंय, किडनीवर परिणाम झालाय.’ गावाकडे फोन जातो, ‘सेप्टिक झालं.’ पुढे जे होतं ते घरचे नशिबाच्या खात्यावर मांडतात. मला आज या खात्याबद्दलच बोलायचं आहे. कारण अतिदक्षता विभागातला सेप्सिस अनेकदा टाळता येतो, आणि टाळता येण्याजोग्या गोष्टीला नशीब म्हणू नये.

सेप्सिस म्हणजे रक्तात जंतू सापडणं, असा सर्वसाधारण समज आहे. 2016मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेली व्याख्या त्याहून व्यापक आहे. संसर्गाशी लढता लढता शरीराचा प्रतिसाद बेताल होतो आणि स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतो, ती जीवघेणी अवस्था म्हणजे सेप्सिस. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते, माणूस बरळू लागतो. एकटा विषाणूही हे घडवून आणू शकतो. कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने वाचवलं, ते या बेताल प्रतिसादाला आवर घालूनच. जून 2020मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं, की अशा रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

पण विषाणूच्या मागोमाग कधीकधी जिवाणूंचा दुसरा संसर्ग येतो. 1918ची साथ आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणून ओळखली गेली. ती मुंबई बंदरातून देशभर पसरली आणि तिने भारतात एक कोटीहून अधिक माणसं नेली. त्या साथीत मेलेल्या 58 अमेरिकी सैनिकांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने शास्त्रज्ञांनी 2008मध्ये पुन्हा तपासले. जवळजवळ सगळ्यांत जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा होत्या. विषाणू श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढतो आणि त्या उघड्या जखमेतून घशातलेच जिवाणू फुप्फुसात उतरतात. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती, म्हणून तो शेवट टाळणं फार कठीण होतं.

आज अँटिबायोटिक आहेत, पण जिवाणूही बदलले आहेत. ते आता अतिदक्षता विभागातच मुक्काम करून असतात. कोविडच्या पहिल्या लाटेत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) जाळ्यातल्या 10 रुग्णालयांनी 17,534 रुग्णांची पाहणी केली. त्यांतल्या फक्त 3.6 टक्क्यांना दुसरा संसर्ग झाला. पण ज्यांना झाला, त्यांतले निम्म्याहून अधिक दगावले. सापडलेल्या जंतूंत क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर पुढे होते. हे दोन्ही रुग्णालयांत फोफावणारे आणि भारी अँटिबायोटिकलाही न जुमानणारे जंतू आहेत. घशातली नळी, मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन, लघवीची नळी या तिन्ही जीव वाचवतात आणि याच तीन वाटांनी जंतू आत शिरतात. त्यांना एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर नेणारं वाहन म्हणजे आपले हात.

इथेच नशिबाची भाषा संपते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी पाच साध्या गोष्टींचा नेम धरला. हात धुणं, सेंट्रल लाइन टाकताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाकणं, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणं, शक्यतो जांघेतून लाइन न टाकणं आणि गरज सरताच ती काढणं. त्याआधी लाइनच्या दर हजार दिवसांमागे रक्तसंसर्गाचं मध्यक प्रमाण 2.7 होतं. तीन महिन्यांत ते शून्यावर आलं आणि दीड वर्ष टिकलं. 2006मध्ये हे प्रसिद्ध झालं. यात कुठलंही नवं औषध नव्हतं, महागडं यंत्र नव्हतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं उंच ठेवणं, तोंड स्वच्छ करणं आणि नळी काढता येईल का हे रोज तपासणं, यांनाही पैसा फारसा लागत नाही. माणसं मात्र लागतात. एका सिस्टरकडे व्हेंटिलेटरचे तीन-चार रुग्ण दिले, तर प्रत्येक खाटेपाशी हात धुवायला तिला वेळ कुठून मिळणार? दोष तिला देऊ नये. तो नेमणुका करणाऱ्याचा आहे.

अँटिबायोटिकबाबतही स्पष्ट बोललं पाहिजे. सेप्सिसने रक्तदाब कोसळला असेल, तर पहिल्या तासात अँटिबायोटिक मिळायलाच हवं, आणि त्याआधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, रक्त घेतलेलं असावं. कल्चरचा रिपोर्ट आला की औषध नेमकं करावं, गरज नसेल तर थांबवावं. साध्या फ्लूला पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक देणं विषाणूला मारत नाही. उद्या खरी गरज पडेल तेव्हा ते निकामी ठरण्याची सोय मात्र करून ठेवतं.

2017 या एका वर्षात जगात सेप्सिसने सुमारे 1.1 कोटी मृत्यू झाले, म्हणजे दर पाच मृत्यूंमागे एक. म्हणून माझी मागणी साधी आहे. एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाची मान्यता असलेली रुग्णालयं व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन आणि लघवीची नळी यांमुळे होणाऱ्या संसर्गाचं प्रमाण मोजतातच. हे आकडे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक रुग्णालयाने मोजावेत आणि दरपत्रकाशेजारी लावावेत. खाटेचं भाडं आपल्याला कळतं, तसा त्या खाटेवरचा धोकाही कळला पाहिजे.

आणि वाचकहो, थोडं आपल्याही हातात आहे. घरात फ्लूचा रुग्ण असेल आणि तो मिनिटाला 22 किंवा त्याहून जास्त श्वास घेऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, लघवी कमी झाली किंवा हातपाय गार पडले, तर सकाळची वाट पाहू नका. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतानाही हे घडतं. रुग्णालयात डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हा सेप्सिस असू शकेल का?’ आपलं माणूस आत असेल, तर भेटीला जाताना आधी आपले हात धुवा. आणि बाहेर येण्यापूर्वी रोज एकच प्रश्न विचारा, ‘यांतली कुठली नळी आज काढता येईल?’