सरकारी दप्तर आणि आपण

विद्यार्थिमित्रहो, दप्तर म्हटलें म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढें पाठीवरील पुस्तकांची पिशवी उभी राहते. परंतु कचेरींतील कागदपत्रांचा संग्रह असाही या शब्दाचा अर्थ आहे. हें दुसरें दप्तरही पहिल्याइतकेंच आपलें आहे, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित पालकांसही ठाऊक नसते. आणि ज्यांस ठाऊक असते त्यांस, तें मागावें कसें, हें बहुधा उमगत नाहीं. म्हणून हे चार शब्द.

प्रजेस सरकारी कागद पाहण्याची कायद्यानें मोकळीक देणारें पहिलें राष्ट्र म्हणजे स्वीडन; तें साल १७६६. आपल्याकडे ही मागणी धसास लावली ती राजस्थानांतील खेडुतांनीं. सरकारी कामांवर पुरी मजुरी मिळेना, तेव्हां 'हजेरीपट दाखवा' असें ते म्हणूं लागले. १९९० मध्यें स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ति संघटनेनें १९९६ मध्यें ब्यावर येथें चाळीस दिवस धरणें धरलें. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२ सालचा. पुढें १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा अमलांत आला. ज्यांपैकीं कित्येकांस अक्षरओळखही नव्हती अशा मजुरांनीं झगडून मिळविलेला हक्क आपण शिकलेल्या लोकांनीं न वापरावा, हें मला लाजिरवाणें वाटतें.

अर्जाची रीत सोपी आहे. अर्ज मराठींत चालतो. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांस ती माफ आहे. माहिती कशासाठीं हवी, हें सांगावें लागत नाहीं. ज्यास लिहितां येत नाहीं त्याचा अर्ज लिहून काढण्यास माहिती अधिकाऱ्यानेंच साहाय्य करावयाचें असतें. तीस दिवसांत उत्तर न आल्यास त्याच खात्यांतील वरिष्ठाकडे अपील करावें, आणि तेथेंही समाधान न झाल्यास राज्य माहिती आयोगाकडे जावें. महाराष्ट्रांत एका अर्जांत एकच विषय, तोही दीडशे शब्दांत मांडावा, असा नियम आहे. तुमच्या निबंधाहूनही हें थोडकेंच झालें!

परंतु खरी अडचण निराळीच आहे. ती मीं अनुभवानें शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलीची शिष्यवृत्ति आली नाहीं. तिच्या आईनें रोजगार बुडवून कचेरीचे हेलपाटे घातले; 'पुढच्या आठवड्यांत या' यापलीकडे उत्तर मिळेना. तेव्हां मीं तिच्या नांवें तावातावानें अर्ज लिहून दिला : 'शिष्यवृत्ति कां दिली नाहीं?' उत्तर आलें, 'अशी माहिती अभिलेखांत उपलब्ध नाहीं.' मला संताप आला. पण शांतपणें विचार करतां चूक माझीच दिसली. कायदा आपणांस दप्तरांत असलेला कागद देतो. कारणमीमांसा वा अभिप्राय देण्यास तो कोणास बांधीत नाहीं. मग दुसरा अर्ज केला : शाळेकडून गेलेल्या यादींतील मुलीच्या नोंदीची प्रत, मंजुरीच्या आदेशाची प्रत, आणि रक्कम बँकेकडे पाठविल्याच्या नोंदीची प्रत. महिना पुरा होण्यापूर्वींच कागद हातीं आले. रक्कम मंजूर झाली होती, बँकेकडे गेलीही होती, आणि परतही आली होती. कारण यादींत खातेक्रमांकाचा एक आंकडा चुकला होता. ती यादी माझ्याच हस्ताक्षरांत होती.

त्या माउलीपुढें ती प्रत ठेवतांना माझी मान खालीं गेली. तरी तो कागद निघाला म्हणूनच चूक सुधारली व मुलीस तिचे पैसे मिळाले.

विचारणें म्हणजे औद्धत्य, असें आमच्या पालकांपैकीं अनेकांस वाटतें. दुसरीकडे कांहीं मंडळी या कायद्याचा उपयोग केवळ कोणास तरी त्रास देण्याकरितां करितात. दोघांचीही समजूत चुकीची आहे. कागद कोणाचा पक्ष घेत नाहीं. म्हणूनच तो मागावयाचा. विद्यार्थ्यांनों, परीक्षेंतील आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्कही सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें या कायद्याखालीं मान्य केला आहे. प्रसंग पडल्यास तो अवश्य वापरा. मात्र नेमका कागद मागा. आणि त्यांत आपलीच चूक निघाली, तर तीही मान्य करण्याची तयारी ठेवून मागा.