मावळे आणि घाटी

शिवजयंतीच्या मिरवणुकीत भगवे फेटे बांधून स्वतःस ‘मावळे’ म्हणवून घेणाऱ्या आमच्या वसाहतीतील तरुण मंडळींनी त्याच आठवड्यात एका हमालास ‘घाटी’ म्हणून हिणवावे, आणि यात काही विसंगती आहे अशी शंकाही त्यांस येऊ नये, हे पाहून या स्तंभातील माझी जुनी कुरकुर व्यर्थ नव्हती अशी माझी खात्री पटली.

मावळ म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेस उतरणारी खोरी: पवन मावळ, गुंजण मावळ, हिरडस मावळ. घाट म्हणजे तोच सह्याद्री. आणि कोकणातून पाहणाऱ्याच्या लेखी तो चढून गेल्यावर ज्या मुलखात मनुष्य पोहोचतो, तेथील रहिवासी तो घाटी. डोंगर एक, माणूस एक, दारिद्र्यही एकच. परंतु कारीच्या कान्होजी जेध्यांसारख्या देशमुखांमागे जो तलवार घेऊन निघाला त्याची नोंद बखरीत झाली, आणि 1863 साली बोरघाटातून लोहमार्ग खुला झाल्यावर ज्याचे वंशज गिरण्यांत व गोदीत पोट भरावयास उतरले, त्यांची नोंद हजेरीपटात झाली. बखरीतल्याला आपण मुजरा करतो; हजेरीपटातल्याच्या डोक्यावर ओझे देतो. 1969 च्या माथाडी कायद्याने त्या डोक्याला संरक्षण दिले. प्रतिष्ठा देणे सरकारच्या अखत्यारीत नव्हते.

पुढची गंमत अशी की, ज्या कोकणी चाकरमान्याने हे संबोधन चाळीत रुळविले, त्यालाही इतर मुंबईकर मराठी बोलतो म्हणून सर्रास घाटीच म्हणू लागले. गोव्यात तर कानडी मजूरदेखील ‘घांटी’ ठरला. म्हणजे शब्दातला भूगोल केव्हाच बरखास्त झाला असून मागे उरली आहे ती केवळ ऐपतीची मोजदाद. या अधःपाताचा आरंभ, वाचकांस माझे मत ठाऊकच आहे, इमारतींत लिफ्ट आली त्या दिवशी झाला: ज्याला स्वतः जिना चढावा लागत नाही, त्याला ओझे घेऊन चढणारा कनिष्ठच वाटणार. याचा पुरावा कोणी मागू नये.

माझा निवाडा स्पष्ट आहे. घाटी या नावाची ज्याला लाज वाटते, त्याचा मावळेपणावर काडीचा हक्क नाही.