इलेक्ट्रिक मोटार आणि वीजबिलाचे टप्पे

इलेक्ट्रिक मोटार घ्यावी की पेट्रोलची, या प्रश्नाची महाराष्ट्रातील चर्चा बहुधा दोनच आकड्यांभोवती फिरते. एक शोरूममधील किंमत आणि दुसरा एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावते याचा कंपनीचा दावा. गाडीसाठी मोजलेली जादा रक्कम वसूल होणार की नाही, हे मात्र तीन वेगळ्याच गोष्टींवर ठरते: गाडीचे महिन्याचे एकूण अंतर, घराच्या मीटरला लागू होणारा विजेचा दर आणि गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे असलेली चार्जिंगची सोय. या तीन गोष्टी जुळत नसतील तर इलेक्ट्रिक मोटार हा मध्यमवर्गीय कुटुंबासाठी तोट्याचा व्यवहार ठरतो, आणि तरीही सरकारी सवलतींचा मुख्य भर आजवर किमतीवरच राहिला आहे.

किमतीतील फरक करसवलतींमुळे काही काळ झाकला गेला होता. ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक वाहनांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर पेट्रोलच्या छोट्या मोटारींवर २८ टक्के कर आणि त्यावर उपकर लागत असे. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या मोटारींवरील कर १८ टक्क्यांवर आला, उपकर गेला आणि ही दरी जवळपास निम्म्याने कमी झाली. खासगी इलेक्ट्रिक मोटारीला केंद्राच्या ‘फेम-२’ योजनेत थेट अनुदान नव्हते आणि त्यानंतर आलेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेतही नाही. वाहनकर्जाच्या व्याजावर मिळणारी प्राप्तिकराची वजावट तर मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच राहिली. राज्याची मोटार वाहन करातील माफी मोठी असली तरी तिच्यासह हिशेब मांडूनही, सारख्या आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडी रस्त्यावर येईपर्यंत दोन ते चार लाखांनी महाग पडते. पुढील विवेचनासाठी हा फरक तीन लाख धरला आहे.

आता विजेकडे वळावे लागेल, कारण ‘एक रुपयात एक किलोमीटर’ या प्रचारातील वाक्याची खरी परीक्षा महावितरणच्या बिलावर होते. घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क अशा रकमा एकावर एक चढत जातात, आणि त्यांतील वीज आकार टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर सहा रुपयांच्या आसपास असतो. १०१ ते ३०० या टप्प्यात तो साडेबारा रुपयांजवळ जातो आणि ३०१ ते ५०० या टप्प्यात सतरा रुपयांच्या घरात पोहोचतो. घरातील दिवे, पंखे, फ्रिज आणि गिझर यांनी खालचे टप्पे आधीच व्यापलेले असल्यामुळे गाडीत जाणारे प्रत्येक युनिट वरच्या दराने मोजले जाते. घराच्या बिलाचा सरासरी दर पाहून गाडीचा खर्च काढणारे नेमके इथेच चुकतात.

एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक मोटार बॅटरीतील एका युनिटवर साधारण सात किलोमीटर जाते. पण प्रवाह भिंतीतून बॅटरीत पोहोचताना दहा-पंधरा टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जात असल्याने मीटरवरील एका युनिटमागे सहा किलोमीटर धरणे योग्य ठरते. महिन्याला २०० युनिट वापरणारे कुटुंब या गाडीने महिन्याला ५०० किलोमीटर फिरले, तर सुमारे ८३ युनिट वाढतील आणि वर्षाचा जादा खर्च साडेबारा हजारांच्या आसपास येईल. लिटरला १५ किलोमीटर चालणारी पेट्रोल गाडी तेवढ्याच अंतरासाठी, १०४ रुपये दराने, ४१,६०० रुपये खाईल. वर्षाला २९ हजारांची ही बचत डोळ्यांत भरते खरी, पण जादा तीन लाख रुपयांवर ९ टक्के दराने वर्षाला २७ हजार रुपये व्याज जाते, म्हणजे मूळ रकमेला हात लावण्याजोगे वर्षाकाठी दोन हजार रुपयेच उरतात. आठवड्यातून दोनदा बाजार आणि महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्या कुटुंबाला इतकाच वापर असतो, आणि अशा कुटुंबाने केवळ बचतीसाठी इलेक्ट्रिक मोटार घेणे समर्थनीय नाही.

तेच कुटुंब महिन्याला १,५०० किलोमीटर फिरत असेल तर चित्र पालटते. तेव्हा २५० युनिट वाढतात, त्यांतील बरेचसे सतरा रुपयांच्या टप्प्यात जातात आणि विजेचा वर्षाचा खर्च ४५ हजारांवर पोहोचतो. तरीही पेट्रोलच्या सव्वा लाखाच्या तुलनेत ७९ हजार रुपये वाचतात. इंजिन ऑइल, क्लच आणि स्पार्क प्लग हे खर्च नसल्याने देखभालीतही काही वाचते आणि जादा रक्कम साधारण पाच वर्षांत फिटते. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक मोटारींना पथकरमाफी ठरवण्यात आली असून अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये अमलात आली. त्या सेतूवरून मोटारीचा एका बाजूचा पथकर २५० रुपये असल्यामुळे नवी मुंबईहून रोज ये-जा करणाऱ्याच्या हिशेबात एवढ्या एका कलमानेही मोठा फरक पडतो.

पेट्रोलशी केलेली ही तुलना मात्र अपुरी आहे, कारण मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिक या पट्ट्यात जास्त फिरणारा माणूस पेट्रोलपेक्षा सीएनजीकडेच वळतो. किलोला सुमारे ८० रुपये दर आणि २५ किलोमीटरची धाव धरली तर वर्षाच्या १८ हजार किलोमीटरला ५७-५८ हजार रुपये लागतात, म्हणजे घरच्या महाग टप्प्यातील विजेपेक्षा फक्त बारा हजार रुपये जास्त. सीएनजी गाडी पेट्रोल गाडीपेक्षा लाखभराने महाग धरली, तरी इलेक्ट्रिक गाडीसाठी आणखी दोन लाख मोजावे लागतात आणि त्यांचे व्याजच अठरा हजार होते. पंपावरील रांग आणि टाकीने व्यापलेली डिकी हे सीएनजीचे तोटे खरे आहेत, पण पैशाच्या कसोटीवर, टप्प्यांचा वीजदर कायम असेपर्यंत, सीएनजीच सरस ठरते. ज्यांच्या घरावर सौरसंच आहे त्यांचा हिशेब निराळा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते आणि असा संच महिन्याला तीनशेच्या वर युनिट देतो. असा संच बसवून सांगली-कोल्हापूरकडील स्वतंत्र बंगल्यात राहणाऱ्या आणि रोज दूरवर जाणाऱ्या माणसाला इलेक्ट्रिक मोटार आज निःसंशय परवडते.

बॅटरीची भीती पूर्वीइतकी सार्थ राहिलेली नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट हे रसायन वापरणाऱ्या बॅटऱ्या उष्णता चांगली सोसतात, आणि आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी आता सर्वसाधारण झाली आहे. काही भारतीय कंपन्यांनी पहिल्या खासगी मालकाला बॅटरीची आजीवन हमीही देऊ केली आहे; मात्र गाडी दुसऱ्याच्या नावावर होताच ती आजीवन राहत नाही, आणि जुन्या इलेक्ट्रिक गाडीला भाव कमी मिळण्यामागे हेही एक कारण आहे. दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांनी ही घट किमतीतच धरली पाहिजे.

सर्वांत अवघड प्रश्न सोसायटीच्या वाहनतळाचा आहे. शहरी महाराष्ट्रातील अनेक मोटारमालक सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहतात, जिथे मीटर तळमजल्यावरील एका खोलीत, गाडी दुसऱ्या टोकाला आणि मधली केबल कोणाच्या खर्चाने टाकायची यावर वार्षिक सभेत वाद, अशी स्थिती असते. घरी प्लग न मिळालेला मालक सार्वजनिक जलद चार्जरवर युनिटमागे वीस-बावीस रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर भरतो, म्हणजे किलोमीटरमागे हा खर्च सीएनजीपेक्षाही जास्त पडतो. नव्या इमारतींतील वाहनतळ चार्जिंगसाठी सज्ज असावेत असे राज्याचे धोरण सांगते, ते स्वागतार्हच आहे; पण गेल्या चाळीस वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींना त्याचा उपयोग नाही. दुसरीकडे मोटार वाहन कराची माफी टक्केवारीने मिळत असल्याने पंधरा लाखांच्या गाडीला १२ टक्क्यांनी १ लाख ८० हजार, तर तीस लाखांच्या गाडीला १३ टक्क्यांनी ३ लाख ९० हजार रुपये सुटतात. ज्याला मदतीची गरज कमी त्याला ती अधिक, ही रचना न्याय्य नाही. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत दरात सूट मिळते, पण नोकरदाराची गाडी त्या वेळी कार्यालयापाशी उभी असते.

महागड्या गाड्यांवरील करमाफीला मर्यादा घालून तो पैसा जुन्या सोसायट्यांतील केबल आणि सामाईक चार्जर यांसाठी द्यावा आणि वाहनासाठीच्या विजेला टप्प्यांतून वगळून सर्व घरगुती ग्राहकांना एकच दर लावावा, ही मागणी वाहनमालकांच्या संघटनांनी आणि गृहनिर्माण संस्थांच्या महासंघांनी राज्य सरकारकडे आणि वीज नियामक आयोगाच्या पुढील जनसुनावणीत लेखी नोंदवली पाहिजे. तोवर इलेक्ट्रिक मोटार घेऊ पाहणाऱ्या वाचकाने बुकिंगची रक्कम भरण्याआधी मागील बारा महिन्यांची वीजबिले समोर ठेवावीत, महिन्याचे अंतर प्रामाणिकपणे मोजावे आणि सोसायटीची परवानगी लेखी हाती घ्यावी. अंतर हजार किलोमीटरच्या आत असेल किंवा ती परवानगी मिळत नसेल, तर सध्याची गाडीच आणखी काही वर्षे चालवावी.