आधी दात पिवळे का, ते बघा

दात पांढरे करायचे घरगुती उपाय सांगणारा कुठलाही व्हिडिओ लावा, त्यात लिंबू असतंच. अर्धं लिंबू, चिमूटभर खायचा सोडा, वरून मीठ. बोटाने चोळा, दोन मिनिटं थांबा, चूळ भरा. लग्नसराई आली की हे प्रकार घरोघरी सुरू होतात. माझ्या भाचीनेही साखरपुड्याच्या आधी रोज सकाळी मीठ लावलेली लिंबाची फोड दातांवर घासली. आठवडाभरात तिला माठातलं पाणीसुद्धा पिववेना. "मावशी, दातातून सणक जाते गं," म्हणत ती गाल धरून बसली, तेव्हा मी तिला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. पुढचे दात आधीपेक्षा पांढरे होते हे खरं, पण त्यांची चकाकी गेली होती. खडूसारखे कोरडे दिसत होते ते.

तो पांढरेपणा म्हणजे दाताचं वरचं कवच झिजायला लागल्याची खूण. हे कवच, म्हणजे इनॅमल, आपल्या शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ. पण आम्लापुढे त्याचा टणकपणा चालत नाही. तोंडातला सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की त्यातली खनिजं विरघळू लागतात, आणि लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच्या घरात असतो. जेवताना वरणभातावर पिळलेल्या लिंबाने काही बिघडत नाही. रस घासाबरोबर पोटात जातो आणि उरलेलं काम लाळ करते. कैरी खाल्ल्यावर आंबलेले दातही काही वेळाने ताळ्यावर येतात ते लाळेमुळेच. पण तेच लिंबू दातावर धरून ठेवायचं, कवच मऊ पडलं की त्यावर मिठाची कणी घासायची, आणि हे रोज करायचं, तर लाळेला सावरायला उसंत मिळत नाही. गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपलेल्या असतात.

खरं नुकसान पुढे दिसतं. इनॅमल बरंचसं पारदर्शक असतं, त्याच्याखालचं दंतीन मुळातच पिवळसर. कवच पातळ झालं की आतला पिवळा रंग जास्त उठून दिसतो. म्हणजे लिंबू घासून पांढरे केलेले दात काही वर्षांनी पूर्वीपेक्षा पिवळे दिसू लागतात, आणि तोवर थंड-गरम सोसेनासंही झालेलं असतं. चाळिशीनंतर दात पिवळे दिसू लागतात त्यामागेही हेच एक मोठं कारण आहे, फक्त तिथे झीज फार सावकाश होते.

सोड्यावर मात्र उगाच आळ येतो. एकटा सोडा मऊ असतो, पाण्यात विरघळतो, चहाचे वरवरचे डाग काढतो आणि कवचाला फारसा त्रास देत नाही. कोळशाचं तसं नाही. काळी पेस्ट नि कोळशाची पूड सध्या फार खपते. आमच्या आज्यांनी राखुंडीनेच दात घासले, त्यांचे दात काय वाईट होते, असं पुष्कळजण विचारतात. आज्यांच्या तोंडात दिवसभर बिस्किटं नि शीतपेयं नव्हती, हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं असं, की कित्येकींच्या दाताला हिरडीजवळ खाचा पडलेल्या असत आणि साठीत कवळी लागे. आपल्याला आठवते ती शाबूत दातांची एखादीच आजी. कोळशाने डाग निघतात ते खरवडून. कोळशाच्या पेस्टी परिणामकारक नि सुरक्षित आहेत असं म्हणण्याजोगा पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकी दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने 2017 साली छापलेल्या आढाव्यातही होता. जांभळ्या रंगाच्या पेस्टी पिवळ्यावर निळसर छटा चढवतात. काही तास फोटोपुरतं भागतं, दात तोच राहतो. हळद आणि तेलाच्या गुळण्या यांनी दातांचा मूळ रंग बदलल्याचा भरवशाचा दाखला नाही.

मग घरच्या घरी काहीच होत नाही का? होतं, आणि ते योगायोगाने सापडलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये बिल क्लुसमायर हे दात सरळ करणारे डॉक्टर हिरड्या सुजलेल्या रुग्णांना दातांवरच्या साच्यात जंतुनाशक औषध घालून झोपायला सांगत. हिरड्या बऱ्या झाल्या, शिवाय दातही उजळले. त्या औषधात 10 टक्के कार्बमाइड पेरॉक्साइड होतं. 1989 मध्ये हेवूड आणि हेमन या दोन अमेरिकी दंतवैद्यांनी ही पद्धत रीतसर लिहून प्रसिद्ध केली, आणि आजही घरी दात उजळण्याचा सगळ्यात जास्त पारखलेला मार्ग तोच आहे. त्या 10 टक्क्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ते कवचातून झिरपत दंतीनपर्यंत जातं आणि रंग देणारे मोठे रेणू फोडतं. यात घासणं नाही, खरवडणं नाही. डॉक्टर दातांचं माप घेऊन पातळ साचा करून देतात, त्यात जेलचा थेंब घालून तो रात्री लावायचा, दोन-तीन आठवडे. मधल्या काळात दात थोडे ठणकतात, हिरडी चुरचुरते. बहुतेकांचं हे थांबवल्यावर आपोआप जातं. रंग काही महिन्यांनी थोडा परत फिरतो.

बाजारातल्या पट्ट्यांमध्येही पेरॉक्साइडच असतं, त्यांनीही थोडाफार फरक पडतो. 2018 मध्ये कॉक्रेन संस्थेने अशा घरगुती रासायनिक उपायांच्या 71 चाचण्या एकत्र तपासल्या. दात उजळतात असं दिसलं. पण पुरावा कमकुवत होता आणि तोही थोड्याच काळाचा. निळ्या दिव्याचं खेळणं जोडून मिळणारे संच मी तरी कुणाला घ्यायला सांगणार नाही. दिव्याने फारसं काही वाढत नाही आणि जेल किती तीव्र आहे हे कित्येकदा डबीवर नीट लिहिलेलं नसतं. युरोपीय संघात 2012 च्या अखेरीपासून 0.1 टक्क्यापेक्षा जास्त पेरॉक्साइड ग्राहकाला थेट विकता येत नाही; 6 टक्क्यांपर्यंतचं दंतवैद्यामार्फतच मिळतं, आणि अठरा वर्षांखालच्यांना नाहीच. आपल्याकडे फोनवर बोट ठेवलं की दुसऱ्या दिवशी दारात डबी येते. किडलेल्या दाताच्या भोकातून हेच रसायन आतल्या नसेपर्यंत गेलं तर काय कळ येते, ते भोगलेल्यालाच विचारावं.

म्हणून मी आधी कारण विचारते. चहाचे, तंबाखूचे डाग आणि हिरडीशी जमलेलं कीटण साध्या साफसफाईने निघतं. दवाखान्यात ते काढलं की दात हलायला लागतात, ही समजूत खोटी आहे. मार लागून मेलेला एखादाच काळपट दात साच्याने उजळत नाही, त्याचा उपचार आतून करावा लागतो. कॅपचा आणि सिमेंटचा रंग अशा जेलने उजळत नाही, त्यामुळे शेजारचे दात उजळले की कॅप वेगळी दिसू लागते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे दात हाडात तयार होतानाच पडलेले असतात. त्या मुलांना "दात घासत नाहीस का रे" म्हणून वर्गात हिणवलं जातं, याचा मला फार राग येतो. दोष पाण्याचा, आणि मान खाली घालायची पोराने.

मिश्रीचं कारण तर याहून गंभीर. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात, घरभर ठसका उठतो, मग ती कुटून डबीत भरतात. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवल्यावर, रात्री निजताना चिमूट घेऊन बोटाने हिरड्यांवर फिरवायची. बहुतेक बायका ती लावायला लागतात दाढदुखीपायी. दुखणं तेवढ्यापुरतं बधिर होतं आणि सवय जडते. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने 1992 मध्येच बंदी केली; चुलीवर भाजलेल्या मिश्रीला ती कुठून अडवणार? गावाकडच्या एका काकूंनी मला विचारलं होतं, "पोरीच्या लग्नाच्या फोटूत हसायचं हाय गं, दात पांढरं करायचं औषध सांग." मी त्यांना औषध सांगितलं नाही. सोबत दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दातांकडे नंतर पाहिलं. आधी ओठ नि गाल बाहेर ओढून आतली कातडी दिव्याखाली तपासली, जीभ बाजूला करून पाहिली. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड उघडायला होणारा त्रास, हे ते शोधत होते. तंबाखूने तोंडात होणारा कर्करोग सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही, त्यामुळे बाई दवाखान्यात जात नाही. पट्टी लावून दात उजळले असते, तर काळेपणाबरोबर कुणी तोंडात डोकावण्याचं निमित्तही गेलं असतं.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत ही तपासणी आणि साफसफाई अगदी थोड्या पैशांत होते. मिश्री लावणारी आई, सासू, काकू घरात असेल तर तिला याच महिन्यात घेऊन जा. आणि आरशात आपले दात पिवळे दिसत असतील, तर जेल मागवण्याआधी तुम्हीही त्याच खुर्चीत बसा.