मळ्याच्या वाटेवरचे फोटो

सुरतेतल्या नवागाम, डिंडोली, उधना, लिंबायत या भागातल्या खान्देशी घरांना माझी एक विनंती आहे. येत्या सुट्टीत कपाटावरचं ते साडीचं जुनं खोकं खाली उतरवा. लग्नाचे, बारशाचे अल्बम बाजूला ठेवा. गावी गेल्यावर मळ्याकडे, नदीकडे किंवा देवाला पायी जाताना काढलेले जे सुटे फोटो त्यात पडले असतील, तेवढे वेगळे करा. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशेजारी बसा आणि एकेक फोटो त्यांच्या हातात द्या.

लग्नाच्या अल्बमची मला तितकी काळजी नाही. लग्नाची पत्रिका कुठेतरी सापडते, तारीख सगळ्यांना पाठ असते, वऱ्हाडातलं कोणी ना कोणी माणसं ओळखतं. मळ्याच्या वाटेवरच्या फोटोला असा कसलाच आधार नसतो. आठ-दहा माणसं पांदीत उभी आहेत, कोणाच्या खांद्यावर पोर आहे, कोणाच्या डोक्यावर भाकरीचं टोपलं, मागे बाभळी. कोणती पांदी, कोणाचं वावर, पोर कोणाचं, हे घरातल्या एका-दोघांनाच सांगता येतं आणि ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यानंतर त्या फोटोत फक्त अनोळखी माणसं आणि झाडं उरतील.

हे फोटो निघाले कसे तेही आठवून बघा. धुळे, नंदुरबार, जळगावकडून लोक सुरतेला लूमवर, डाइंगमध्ये, साडीच्या मार्केटात कामाला आले. गावी जाणं व्हायचं ते आखाजीला, दिवाळीला, नाहीतर लग्नाला. उधन्याला गाडीत बसायचं. बारडोली, व्यारा, सोनगड मागे पडलं की नवापूर यायचं, जिथलं निम्मं स्टेशन गुजरातेत आणि निम्मं महाराष्ट्रात आहे. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, ज्याचं त्याचं गाव. कॅमेरा बहुतेकदा कोणाकडून तरी मागून आणलेला असायचा. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले बरेचसे हळदीत आणि लग्नात खर्ची पडायचे. उरलेले चार-पाच वाया जाऊ नयेत म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे मळ्याकडे निघाले की वाटेत काढायचे. कोणी नटलेलं नसायचं, कोणी फोटोसाठी ओळीत उभं केलेलं नसायचं. म्हणून मला हेच फोटो घरातले सगळ्यात खरे वाटतात. नऊवारी वर खोचून ओढा ओलांडणारी आजी लग्नाच्या अल्बममध्ये कुठून दिसणार?

शिवाय त्यांत नुसती माणसं नाहीत, गावचा मुलूखही आहे. तापीवर सारंगखेडा, प्रकाशा, सुलवाडे इथे आता बंधारे आहेत आणि त्यांच्या मागे दूरवर पाणी तुंबून असतं. त्याआधीच्या उन्हाळ्यातल्या फोटोंत तीच तापी वाळूची दिसेल, माणसं पात्रातून चालताना दिसतील. मुडावदला पांझरा तापीला मिळते, तिथे कपिलेश्वराला गेलेल्या कुटुंबांकडे संगमाचे जुने फोटो असतील. मोट असलेली विहीर, कुडाची खोपी, रस्ता रुंद करताना गेलेली कडुनिंबाची रांग, यांचा फोटो सरकारी दप्तरात मिळण्याची आशा धरू नका. तो तुमच्याच खोक्यात असेल.

मुंबईच्या अनुषा यादव यांनी २०१० साली 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' सुरू केला, तो अशाच घरगुती फोटोंवर आणि त्यांच्यामागच्या हकिकतींवर उभा आहे. आपल्या शेजारच्या नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सांभाळला जातो. आपल्या मळ्याच्या फोटोंना सांभाळणारे मात्र आपणच आहोत.

आता कामाचं बोलू. लोक आधी स्कॅनर शोधायला जातात. माझं म्हणणं उलट आहे. स्कॅन पुढच्या वर्षीही करता येईल, आजीला विचारायचं मात्र आजच. फोटो हातात दिल्यावर घाई करू नका. "हाऊ कोन शे?" एवढंच विचाराल तर नाव सांगून त्या गप्प होतील. वाट कुठून सुरू व्हायची, वावराला काय म्हणायचे, त्या दिवशी डब्यात काय होतं, सोबत कोण आलं नव्हतं, असं विचारा. फोटो काढणारा कोण होता हे तर न चुकता विचारा. कित्येक घरांत जिभाऊंचा एकही फोटो सापडत नाही, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात असायचा. खालच्या कडेला मातीवर पडलेली एखादी सावली असेल, ती त्यांची असू शकते.

बायकांची नावं नीट लिहून घ्या. 'अमक्याची आई', 'मोठी काकू' एवढ्यावर सोडू नका. तिचं स्वतःचं नाव, माहेरचं गाव, दोन्ही लिहा. पन्नास वर्षांनी नातीला तिचा माग काढायचा झाला तर याच दोन गोष्टी कामाला येतील.

साल कोणालाच आठवत नसेल तर फोटोतलं शेत बघा. कापूस फुटलेला असेल तर दिवाळीच्या आसपासचे दिवस. ढेकळं उघडी आणि आंब्याला कैऱ्या, म्हणजे आखाजी. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापलेली असली तरी लगेच खरी धरू नका, कॅमेऱ्यातलं घड्याळ लावलेलं नसलं की ती भलतीच पडायची. त्यापेक्षा कडेवरचं पोर कोण ते ओळखा आणि त्याच्या जन्मसालावरून हिशोब करा.

बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ते अहिराणीत असेल तर अहिराणीतच राहू द्या, मध्ये सुधारू नका. आपल्या भागात पुष्कळ मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. देवनागरीत लिहिलेलं पानभर मराठी ती वाचतीलच असं नाही, पण आजीचा आवाज ऐकतील. वहीतली नावं मुलं वाचतात त्या लिपीतही लिहून ठेवलीत तर उत्तमच.

एक जपून करायची गोष्ट. काही फोटोंत गेलेलं लेकरू असतं. काही फोटोंतलं वावर पुढे विकावं लागलेलं असतं, किंवा शेजारी उभे असलेले दोघे भाऊ आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आई तो फोटो पालथा घालून पुढे गेली तर जाऊ द्या. तिला सांगावंसं वाटलं तर दोन दिवसांनी चहा घेताना ती आपणहून सांगेल.

फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका. दाबाने पुढे वळ उठतो आणि शाई उतरते. मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, कडेला आकडा घाला आणि बाकीची माहिती त्याच आकड्याखाली वहीत लिहा. रंगीत फोटोंच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नसेल तर फोटो कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर आधीच लिहून ठेवा.

लॅमिनेशन करू नका, हे हात जोडून सांगतो. फोटो टिकावा म्हणून लोक प्रेमाने लॅमिनेशन करून आणतात, पण तो पुन्हा कधी मोकळा करता येत नाही. चिकट पानांवर प्लास्टिकचा पडदा असलेले अल्बम आपल्याकडे फार आले. त्यांचा डिंक पिवळा पडून फोटोला खातो. त्यांतले फोटो काढायचे तर आधी ते पान जसंच्या तसं मोबाईलने टिपून ठेवा, मग दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू सरकवा. निघत नसेल तर ओढू नका. काचेला चिकटलेला फोटो तर मुळीच सोडवू नका, काचेसकट स्कॅन करा.

आजोबांचा स्टुडिओतला काळा-पांढरा फोटो अजून स्वच्छ असतो आणि त्याच्या नंतरचा रंगीत फोटो लालसर होऊन जातो, हे तुम्ही पाहिलं असेल. काळ्या-पांढऱ्यात प्रतिमा चांदीची असते, रंगीतमध्ये रंगद्रव्यांची, आणि त्या काळातला निळसर रंग अंधारातही विरत जायचा. म्हणून रंगीत फोटोंना पहिली पाळी द्या. निगेटिव्हच्या पट्ट्या सापडल्या तर कचरा समजून टाकू नका, फोटोपेक्षा त्यांतून चांगली प्रत निघू शकते.

स्कॅन ६०० डीपीआयवर करून घ्या. दुकानदार कमीवर करून देत असेल तर आग्रह धरा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत बारीक होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गुगलच्या खात्यावर ठेवाल तर अधूनमधून ते उघडत राहा, दोन वर्षं न वापरलेलं खातं कंपनी काढून टाकू शकते. आणि भाच्याने एखाद्या अॅपवर चेहरे उजळ करून दिले तर बघायला हरकत नाही, पण ती मूळ प्रत मानू नका. अॅप आजीचे डोळे स्वतःच्या मनाने काढतं.

ठेवायची जागा घरातल्या आतल्या कपाटात, मधल्या फळीवर असू द्या. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी होते आणि पलंगाखालच्या पेटीत पावसाळ्यात पाणी शिरतं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सुटल्यावर तापीने सुरतेचा मोठा भाग बुडवला, त्यात किती घरांचे फोटो गेले याची कुठेच नोंद नाही. खाडीपूर तर आपल्या भागाला नवा नाही. फोटो भिजलेच तर गठ्ठा तसाच वाळू देऊ नका, फोटो एकमेकांना कायमचे चिकटतात. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एकेक सुटा करा आणि सावलीत, चेहऱ्याची बाजू वर करून वाळवा. पण पुरावरचा खरा उपाय म्हणजे प्रती वेगवेगळ्या गावी असणं. एक संच सुरतेत, एक गावी, एक पुण्याला किंवा नाशिकला असलेल्या बहिणीकडे.

ज्यांच्याकडे असा एकही फोटो नाही त्यांनी मागे राहू नये. मजुरीवर घर चालवणाऱ्या पुष्कळांना तेव्हा रोलचा खर्च झेपत नव्हता. वडिलांना कोऱ्या कागदावर घरापासून मळ्यापर्यंतची वाट काढायला सांगा. विहीर कुठे, चिंच कुठे, कोणाच्या बांधावरून वळायचं. हात थरथरत असला तरी ती वाट त्यांनीच काढू द्या.

दिवाळीत मार्केट लाभपाचमीपर्यंत बंद असतं. त्या दिवसांत गावी जाल तेव्हा फोटोंच्या प्रती आणि वहीची झेरॉक्स सोबत घ्या. म्हाताऱ्यांना चालवत असेल तर त्यांच्यासोबत त्याच पांदीने जा. नसेल तर मोटारसायकलवर बसवून न्या आणि फोटो जिथून काढला तिथेच उभं राहून नवा फोटो काढा, या वेळी कॅमेरा धरणाऱ्यालाही आत घेऊन. भाऊबंदांकडेही बसा. त्याच दिवसाचे आणखी एक-दोन फोटो त्यांच्या पेटीत निघण्याचा संभव असतो. ते मागून सुरतेला आणू नका. तिथेच ओट्यावर, उजेडात, मोबाईलने टिपा, नावं विचारून घ्या आणि मूळ फोटो ज्याचे त्याच्या हातात परत द्या.