बैलाचा कडबा कोणाच्या खात्यावर?

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या देवस्थानामुळे मराठवाड्यात परिचित आहे. तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते आणि जायकवाडीचा उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावच्या जलाशयाकडे जातो. असे असूनही येथील कापसाचे व ज्वारीचे भवितव्य बव्हंशी पावसाच्या लहरीवरच अवलंबून असते. अशा गावात एक एकर पीक उभे करण्यासाठी किती ऊर्जा खर्ची पडते, हा प्रश्न प्रथमदर्शनी पंडिती वाटेल. वास्तविक त्या प्रश्नाच्या उत्तरावरच बैल दावणीला राहणार की नाही, पेरणीत ज्वारी राहणार की नाही आणि उन्हाळ्यात चूल कशावर पेटणार, हे ठरत असते. म्हणूनच आमच्या कृषिसंशोधनाने हे उत्तर कोणत्या मापाने काढले, हे एकदा तपासून पाहावयास हवे.

शेतीला लागणारी ऊर्जा मोजण्याची कल्पना तेलटंचाईच्या काळात रुजली. अमेरिकेत डेव्हिड पिमेंटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली मक्याचा हिशेब मांडला. १९४५ साली शेतात एक एकक ऊर्जा घातली असता ३.७० एकके हाती येत. १९७० साली ती २.८२ वर आली होती. उत्पादन वाढले होते, पण खत व इंधन त्याहून अधिक वेगाने वाढले होते. त्याच सुमारास, १९७२ साली, स्ट्युअर्ट ओडेंडहाल या संशोधकाने पश्चिम बंगालमधील सिंगूर परिसरातील गुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुरांनी खाल्लेल्या वैरणीपैकी सुमारे १७ टक्के ऊर्जा काम, दूध व शेण या रूपाने माणसाच्या उपयोगी पडते, असे त्याला आढळले. अमेरिकेच्या कुरणांवर मांसासाठी पोसलेल्या गुरांच्या बाबतीत हेच प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी भरते. १९८१ साली नैरोबी येथील संयुक्त राष्ट्रांच्या ऊर्जा परिषदेत इंदिरा गांधींनी भारतातील जनावरे देशातील सर्व वीजकेंद्रांहून अधिक शक्ती पुरवितात, असे सांगितले होते. बैल हा मागासलेपणाचा अवशेष नसून राष्ट्रीय ऊर्जेचे एक साधन आहे, ही जाणीव तेव्हा राज्यकर्त्यांना होती, असे म्हणावे लागेल.

पुढे ती जाणीव कोष्टकात बसविली गेली आणि तेथेच घोटाळा झाला.

भारतीय कृषिविद्यापीठांतील ऊर्जाविषयक प्रबंधांत काही ठरावीक गुणांक वापरले जातात. १९८०च्या दशकात रूढ झालेली ही कोष्टके आजतागायत उद्धृत होत आहेत. डिझेलचा एक लिटर म्हणजे ५६.३१ मेगाज्यूल, नत्राचा एक किलो म्हणजे ६०.६ आणि मध्यम बैलजोडीचे एक तासाचे काम म्हणजे १०.१० मेगाज्यूल, असे ते आकडे आहेत. डिझेल व नत्र यांच्या आकड्यांत ते तयार करण्यासाठी लागलेली ऊर्जाही धरलेली आहे. बैलाच्या आकड्यात नेमके काय धरले आहे, हे समजण्यास थोडे गणित करावे लागते.

सुमारे ७०० किलो वजनाची जोडी आपल्या वजनाच्या दशांशाइतका ओढा लावून तासाला सव्वादोन ते अडीच किलोमीटर चालते. तिची शक्ती सुमारे ४५० वॅट, म्हणजे अश्वशक्तीच्या सहा दशांशाइतकी होते. वर्षात ती सहाशे तास जुंपली, तर जमिनीला प्रत्यक्ष पोचलेले काम हजार मेगाज्यूलच्या आतबाहेर भरते. कोष्टकाप्रमाणे मात्र त्याच सहाशे तासांचे ६,०६० मेगाज्यूल होतात. आणि जोडीने खाल्ले किती? दिवसाला १५ किलो कोरडी वैरण धरली, तर वर्षाला साडेपाच टन होते. कडब्याचे उष्णतामूल्य किलोला सुमारे १७ मेगाज्यूल असल्याने हा आकडा ९० हजारांच्या पुढे जातो. एकाच जोडीचे हजार, सहा हजार आणि नव्वद हजार असे तीन हिशेब होतात. पहिला घेतला तर बैलासारखे स्वस्त यंत्र नाही आणि तिसरा घेतला तर बैलासारखा उधळ्या नाही! संशोधकाने कोष्टकातील मधला आकडा उचलला की दावणीचे वर्ष त्याच्या प्रबंधातून गळून पडते, कारण बैल सहाशे तास राबत असला तरी ८,७६० तास जगत असतो.

तिसरा हिशेब तरी रास्त आहे काय? आमच्या मते तोही नाही. कडबा माणूस खात नाही, तो परदेशातून आणावा लागत नाही आणि बैलाच्या पोटातून गेल्यावर त्याचा मोठा भाग शेण होऊन शेतात वा चुलीत येतो. डिझेलच्या मेगाज्यूलशी त्याची बेरीज करणे म्हणजे घरची भाजी आणि सावकाराचे कर्ज एकाच रकान्यात मांडणे होय. नूतनीकरणक्षम व अक्षय नसलेली अशी फोड हल्लीचे प्रबंध करतात हे खरे. तथापि ती शेवटच्या परिच्छेदापुरतीच असते. निष्कर्ष एकूण बेरजेवरूनच काढले जातात. शेणखताला तर हीच कोष्टके किलोमागे अवघे ०.३ मेगाज्यूल देतात.

याहून खटकणारा आकडा माणसांचा आहे. पुरुषाच्या एका तासाला १.९६ मेगाज्यूल आणि स्त्रीच्या तासाला १.५७, म्हणजे पुरुषाच्या चार पंचमांश. नांगर धरण्याच्या कामाला हे प्रमाण कदाचित लागू पडेल. पण बीड जिल्ह्यात कापसाची खुरपणी व वेचणी मुख्यत्वे बायकाच करतात आणि त्या कामात पुरुष त्यांच्या बरोबरीने टिकत नाही, हे कोणताही शेतकरी सांगेल. मजुरीतला अन्याय निदान उघड दिसतो; गुणांकातला अन्याय मात्र शास्त्राच्या वेषात वावरतो. वेचणीनंतर पऱ्हाटी उपटून, मोळी बांधून घरी आणण्याचे कष्ट तर कोणत्याच कोष्टकात नाहीत. उलट तीच पऱ्हाटी, किलोला १८ मेगाज्यूल या भावाने, पिकाचे 'उत्पादन' म्हणून जमेस धरली जाते आणि कापूस ऊर्जेच्या दृष्टीने किफायतशीर ठरतो. ती बांधावर पेटवून दिली तरी जमेची बाजू तशीच राहते.

विहिरीचा हिशेब तर कोणी ठेवतच नाही. एक हेक्टराला सहा सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे ६०० घनमीटर पाणी. ते १५ मीटरांवरून उचलावयाचे, तर पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरून सुमारे ६० युनिट वीज लागते. १२० मीटर खोल विंधन विहिरीतून तेच पाणी काढण्यास सुमारे ४९० युनिट लागतात. महाराष्ट्रात १९७७ साली कृषिपंपांना अश्वशक्तीवर आधारित दर लागू झाला, तेव्हापासून मीटरचे महत्त्व ओसरले. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शासनाने स्वतःकडे घेतले. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, याबद्दल आमची तक्रार नाही; पण पंप किती युनिट खातो हे जिथे मोजलेच जात नाही, तिथे संशोधकही अश्वशक्तीला तासांनी गुणून अंदाज बांधतो. भूजल खाली गेल्याची बातमी त्या अंदाजाला कळत नाही.

आता हे सारे तलवाड्याच्या दावणीशी जोडून पाहू. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, तेव्हा दाण्याचे उत्पादन वाढले. पण ठेंगण्या ताटाचा कडबा बैलाला पुरेना. रब्बीत मराठवाड्याने मोहोळ येथे निवडलेली मालदांडी सोडली नाही, ती काही अडाणीपणाने नव्हे. शेतकरी दाणा आणि कडबा यांची बेरीज एकाच मनात करीत होता, संशोधन ती दोन खात्यांत करीत होते. परभणी मोतीसारखे वाण पुढे आले, हा त्या शहाणपणाला विद्यापीठाने उशिरा का होईना दिलेला मान आहे. पण तोवर कापूस व सोयाबीन यांनी ज्वारीची जमीन घेतली होती. कडबा घटला की बैल घटतो, बैल घटला की ट्रॅक्टर भाड्याने येतो आणि शेणखताची जागा पोत्यातले खत घेते. २०१९च्या पशुगणनेत देशातील नर गोवंश २०१२च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यात २०१५च्या कायद्यानंतर थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा त्याच्या उतारवयाची वैरणही मालकाच्याच माथी आली. २०१९च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. त्या छावण्यांचा खर्च महसूल खात्याच्या दप्तरात आहे. तो पीकपद्धतीच्या ऊर्जेचा खर्च म्हणून कोणी मांडला आहे काय?

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली, म्हणजे महादुष्काळाच्याच वर्षी, स्थापन झाले. तेथे पशुशक्तीच्या योग्य वापरासंबंधीच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे आणि त्याने बैलचलित अवजारांवर, सौरशक्तीवर चालणाऱ्या फवारणी यंत्रावर चांगले काम केले आहे. आमचे म्हणणे इतकेच की अवजार सुधारले तरी ते ओढणाऱ्या बैलाची गव्हाण दुसऱ्या विभागाच्या हद्दीत राहते. चारापिके एकीकडे, पशुपोषण दुसरीकडे, नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे तिसरेच काही, आणि चूल तर कोणाकडेच नाही.

याला पर्याय नाही असे नव्हे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तुमकूर जिल्ह्यातील पुरा या खेड्याची संपूर्ण ऊर्जा मोजली. सरपण, बैल, बायका, मुले, वीज असे सारे एकाच वहीत आले, तेव्हा गावातील ऊर्जेचा फार मोठा वाटा चुलीत जातो आणि तो बव्हंशी बायका-मुलांच्या कष्टांतून येतो, हे उघड झाले. परभणीने तलवाड्यासारखे एखादे गाव निवडून असाच हिशेब एका खरिपापासून पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत करावा. त्यातील काही कुटुंबे ऊसतोडीला जाणारी असावीत, म्हणजे बैल चार-पाच महिने कारखान्याच्या परिसरात वाढ्यांवर जगतो हेही नोंदीत येईल. कोष्टकातील गुणांकांऐवजी प्रत्यक्ष वजन घ्यावे. गव्हाणीत टाकलेला कडबा, उकिरड्यावर पडलेले शेण, चुलीत गेलेली पऱ्हाटी, स्त्री-पुरुषांचे तास आणि पंपाचे युनिट यांची रोजची नोंद व्हावी.

यासाठी नवी संस्था वा मोठे अनुदान लागणार नाही. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी दर वर्षी गावोगावी राहतातच. त्यांच्या हाती एक काटा, एक वीजमीटर आणि एक वही द्यावी. एक तुकडी परतली की दुसरीने तीच वही पुढे चालवावी आणि सुगीनंतर ती गावाच्या चावडीत वाचून दाखवावी, म्हणजे चुकलेले आकडे तलवाड्याचे शेतकरीच दुरुस्त करतील.