शेकडा साडेतीनचं कर्ज खिशात! क्रेडिट कार्ड वापरा, पण सुगीचा हिशोब धरून

औसा : गावाकडं व्याजाची भाषा सरळ असते. ‘शेकडा दोन’, ‘शेकडा तीन’ म्हटलं की पारावर बसलेल्या कुणालाही कळतं, शंभराला महिन्याला दोन किंवा तीन रुपये. कुणी शेकडा तीननं पैसे उचलले असं कानावर आलं तर ऐकणारा हळहळतो. ‘आता हा काय वर येत नाही’ असं म्हणतो. पण तोच माणूस तालुक्याच्या बाजारात टेबल टाकून बसलेल्या पोराकडं क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरतो तेव्हा ‘शेकडा किती?’ हा प्रश्न त्याच्या तोंडून निघत नाही.

विचारायला हवा. कारण पूर्ण बिल वेळेत भरलं नाही तर बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला तीन ते पावणेचार टक्क्यांच्या घरात पडतं. म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के. त्या व्याजावर आणखी १८ टक्के जीएसटी. गावच्या भाषेत सांगायचं तर शेकडा साडेतीन, वर कराचा बोजा वेगळा.

तुलना करून बघा. महाराष्ट्रात सावकारी नियमन कायदा २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. कार्डाला अशी मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. त्यामुळं कार्डाचं व्याज किती असावं हे बँक ठरवते आणि ते फॉर्मच्या बारीक अक्षरात छापलेलं असतं.

नाव सारखं, माल वेगळा

गोंधळाची सुरुवात नावापासूनच होते. ‘किसान क्रेडिट कार्ड’ १९९८ पासून गावागावांत माहीत आहे. त्यामुळं ‘क्रेडिट कार्ड’ म्हटलं की अनेकांना ते त्याच घरातलं वाटतं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

किसान क्रेडिट कार्डावरचं पीककर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्के दरानं मिळतं. मुदतीत भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला ते बिनव्याजी पडतं. परतफेडीची मुदत पिकाचा हंगाम धरून असते. दुष्काळ पडला, अतिवृष्टी झाली तर कर्जाचं पुनर्गठन होतं, वसुलीला स्थगिती मिळते. २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या कर्जमाफ्या शेतीकर्जासाठीच होत्या.

खरेदीच्या क्रेडिट कार्डाला यातलं काही लागू नाही. तिथं बिल दर महिन्याला येतं. पाऊस पडो न पडो, भाव मिळो न मिळो, तारीख ठरलेली. ‘होईल कधीतरी माफ’ या आशेवर कार्डाचं बिल थकवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. उलट व्याज वाढत जातं.

महिन्याचं बिल, सहामाही कमाई

खरी अडचण इथं आहे. क्रेडिट कार्ड तयार झालं ते पगारदार माणसासाठी. एक तारखेला पगार, दहा-पंधरा तारखेला बिल, हिशोब जुळतो. सोयाबीनवाल्याचं गणित तसं नसतं. जूनमध्ये बियाणं, खत, पेरणी. पैसा येतो ऑक्टोबरनंतर, काढणी होऊन माल मोंढ्यात गेल्यावर. मधले चार-पाच महिने घरात येणं कमी, जाणंच जास्त.

आणि ऑक्टोबरलाही भरवसा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात ऐन काढणीच्या तोंडावर पावसानं धुमाकूळ घातला, उभं सोयाबीन पाण्यात गेलं. अशा वेळी जूनमध्ये कार्डावर घेतलेल्या खताचं बिल कशातून भरायचं?

कार्डाची बिनव्याजी मुदत साधारण ४५ ते ५० दिवसांची असते, तीही बिल निघाल्यानंतर लगेच खरेदी केली तर. बिलाच्या आदल्या दिवशी खरेदी केली तर ती पंधरा-वीस दिवसांवर येते. सोयाबीन मात्र पेरणीपासून काढणीपर्यंत शंभर दिवसांच्या आसपास घेतं. ४५ दिवसांच्या उधारीवर शंभर दिवसांचं पीक उभं करायला गेलं की मधले दिवस व्याजात जातात.

‘मिनिमम ड्यू’ ही सवलत नव्हे

बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण रक्कम, दुसरी ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे किमान भरायची रक्कम. ती साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असते. माणूस बघतो, तीस हजारांचं बिल, पण दीड हजार भरले तरी चालतंय. बरं वाटतं.

आता हिशोब मांडू. समजा एखाद्यानं जूनमध्ये कार्डावर ३०,००० रुपयांची मोटार घेतली. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज आणि कर झाला १,२३९ रुपये. त्यानं पाच टक्क्यांप्रमाणं १,५६२ रुपये भरले. त्यातले १,२३९ व्याजात गेले, मुद्दल फिटलं ३२३ रुपये!

नवीन एक रुपयाची खरेदी न करता वर्षभर असंच भरत गेला तर बारा महिन्यांत साधारण १७,७०० रुपये खिशातून जातात आणि तरी २६,३०० च्या वर बाकी राहते. १४,००० रुपये नुसतं व्याज आणि कर. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे हमीभावानं विकलं गेलं असं धरलं तरी अडीच क्विंटलहून जास्त सोयाबीन त्या व्याजात गेलं. मोंढ्यात त्यापेक्षा कमी भाव मिळाला तर आणखी जास्त. याच चालीनं भरत राहिलं तर मूळ बाकी निम्म्यावर यायला पाच वर्षांहून जास्त काळ लागतो.

किमान रक्कम भरल्यानं दंड टळतो, थकबाकीदाराचा शिक्का टळतो, एवढंच. व्याज टळत नाही. रिझर्व्ह बँकेनं तर बिलावरच हा इशारा छापायला सांगितलं आहे, की नुसती किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिने-वर्षे लांबते आणि व्याजावर व्याज चढतं. इशारा असतो, वाचला जात नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पूर्ण बिल भरलं नाही तर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. मागची हजार रुपयांची बाकी असताना पाच हजारांचं खत घेतलं तर त्या पाच हजारांवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं.

स्कॅन केलं, पण पैसे कुणाचे?

सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. सोय चांगली आहे, पण गावासाठी धोकाही इथंच वाढला. पूर्वी कार्ड चालायचं ते मोठ्या दुकानात, मशीन असेल तिथं. आता किराणा दुकान, कृषी सेवा केंद्र, चहाची टपरी, जिथं क्यूआर कोड तिथं बऱ्याच ठिकाणी कार्ड चालतं.

मोबाईल तोच, अ‍ॅप तेच, पिन टाकायची सवय तीच. पैसे खात्यातून गेले की उधारीवर, हे त्या क्षणी जाणवत नाही. खात्यातले संपले की अ‍ॅप थांबवतं. कार्ड मात्र मर्यादा संपेपर्यंत थांबवत नाही. पन्नास-शंभर करत महिन्याला चार-पाच हजार कधी झाले, हे बिल आल्यावर कळतं. उपाय साधा आहे. अ‍ॅपमध्ये पहिलं खातं बचत खातंच ठेवायचं. कार्ड वापरायचंच असेल तर दरवेळी मुद्दाम निवडायचं. तेवढ्या एका बोटाच्या फरकानंही माणूस दोनदा विचार करतो.

एटीएममधून कार्डावर रोख काढणं तर सगळ्यात महाग. तिथं बिनव्याजी मुदत नसते, काढल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळं शुल्क. ओळखीच्या दुकानदाराच्या मशीनवर कार्ड घासून, त्याला कमिशन देऊन रोख घेण्याचा प्रकारही चालतो. पुढं एका कार्डाचं बिल भरायला दुसरं कार्ड घासलं जातं. खरेदी नसताना बिल फाडणं नियमाबाहेरचं आहे. बँकेच्या लक्षात आलं तर कार्ड बंद होऊ शकतं, देणं मात्र राहतंच.

विनातारण कर्जाचा हा वेग रिझर्व्ह बँकेच्याही डोळ्यांत आला होता. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी तिनं कार्डाच्या थकीत येण्यावरचा बँकांचा जोखीम भार १२५ वरून १५० टक्के केला. म्हणजे अशा कर्जापोटी बँकेनं स्वतःचं भांडवल जास्त बाजूला ठेवायचं. देणाऱ्यानं जपून द्यावं असं रिझर्व्ह बँक सांगत असेल, तर घेणाऱ्यानं किती जपावं?

कार्ड थकलं, ट्रॅक्टर अडला

कार्डाचं बिल तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं की बँक ते थकीत म्हणून सिबिलसारख्या कंपन्यांना कळवू शकते. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला जाऊ लागली. त्यामुळं चूक लवकर नोंदली जाते.

पीककर्जासाठी सिबिलची अट लावू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावलं आहे. पण ट्रॅक्टर, दुभती जनावरं, घर, लेकराचं शिक्षण या कर्जांना बँक सिबिल बघतेच. दोन हजारांचं बिल विसरलं म्हणून आठ लाखांच्या ट्रॅक्टरची फाईल अडते, तेव्हा कार्डाची खरी किंमत कळते. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो बघायला हवा.

मग कार्ड घ्यावं का नाही?

कार्ड वाईट आहे असं नाही. ज्याच्या घरात दर महिन्याला पैसा येतो त्याला ते कामाचं आहे. नोकरदार, दुकानदार, दर दहा दिवसाला दुधाचं बिल घेणारा दूध उत्पादक यांना महिनाभराची बिनव्याजी उधारी मिळते. वेळेवर पूर्ण बिल भरत गेलं तर सिबिलही सुधारतं. फक्त हंगामावर जगणाऱ्यानं मात्र शेतीचा खर्च कार्डावर उभा करू नये. त्यासाठी पीककर्ज आहे.

घेतलंच असेल तर एवढं पाळावं :

– खात्यात जेवढे पैसे आहेत तेवढीच खरेदी कार्डावर. मर्यादा ५० हजारांची असली तरी ते पैसे आपले नाहीत.
– बिल निघायची आणि भरायची, दोन्ही तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहाव्यात. घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत असाव्यात.
– बँकेच्या अ‍ॅपमधून खर्चाची मर्यादा स्वतःच कमी करून घ्यावी. आपल्या संमतीशिवाय बँकेला मर्यादा वाढवता येत नाही.
– ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेताना प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी किती, रोखीनं घेतल्यास सूट किती, हे आधी विचारावं.
– बाकी चढलीच असेल तर कार्ड वापरणं आधी थांबवावं. कमी व्याजाचा पैसा हाताशी असेल तर पहिल्यांदा हेच देणं मिटवावं.

न मागता कार्ड आलं तर

रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाच्या बाजूनं आहेत. न मागता कार्ड पाठवता येत नाही. पाठवून बिल लावलं तर बँकेनं ते रद्द करून लावलेल्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा आहे. बाकी नसेल तर कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत निकाली निघाला पाहिजे, नाहीतर पुढं दररोज ५०० रुपये बँकेला भरावे लागतात. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत बदनामी याला तर परवानगीच नाही.

आधी बँकेकडं लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कार्डाची मर्यादा वाढवतो म्हणून कुणी ओटीपी मागितला आणि पैसे गेले, तर तासाभराचाही उशीर न करता १९३० वर फोन करावा आणि बँकेला कार्ड बंद करायला सांगावं.

बाजारातल्या टेबलावर ‘कार्ड फुकट आहे’ असं सांगितलं जातं. पहिल्या वर्षी फी नसेलही. सही करण्याआधी त्या पोराला दोनच प्रश्न विचारावेत : बिल राहिलं तर शेकडा किती? आणि दुसऱ्या वर्षी फी किती? उत्तर तोंडी घेऊ नये, फॉर्मवर बोट ठेवून दाखवायला सांगावं. ते शेकडा तीनच्या वर निघालं, तर सावकाराच्या दारात उभं असल्यासारखाच विचार करून पुढं जावं.